नवसाचे चार सिनेमे, नट कर्ट हॉलिंगर

पाक नाम फो, ३ फेब्रुवारी

उराई,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात माझ्याविषयी एक ओळ नाही. कर्ट हॉलिंगरविषयी मात्र अख्खं पान. मी पाकीट उलटं करून झटकलं, न जाणो माझी विचारपूस तळाशी अडकून राहिली असेल. काही पडलं नाही.

तर तू राखणदार देवाच्या, चाओ फोच्या, ठाण्यावर नवस बोलली होतीस, तो फळला, आणि आता फेडायला देवापुढे चार सिनेमे दाखवायचेत. चारही कर्टचे, कारण ते तुझे सगळ्यात आवडते. प्रिंटा हेंग शेठच्या गोदामात आहेत, पडदा आणि ट्रकही त्याचाच, आणि ठाण्याची पिन आजी तुझ्या वतीने बाकीचं बघणार. फक्त प्रिंटा मुक्या, म्हणून पडद्यासमोर माईकवर बसून आवाज द्यायला मी हवा. 'दुसऱ्या कोणाचा आवाज चालणार नाही,' असं लिहिलंयस. ही विनंती आहे की हुकूम, ते कळलं नाही. तुझ्या थोरल्या बहिणीने, तियांगने, शेजारी बसून लिहवून घेतलेलं दिसतंय. ती बाई विनंतीसुद्धा दम दिल्यासारखी करते.

आता तुझ्या आवडीकडे येतो. त्या माणसाने तीसेक सिनेमे केले. त्यातले दोन-तीन बरे आहेत, हे मीही नाकारत नाही. ज्यात तो आंधळ्या न्यायाधीशाचं काम करतो, त्याला तिकडे मोठं बक्षीस मिळालं. तो तुझ्या चारांत नाही. तू निवडलंस काय? 'खिंडीतला वाघ', जो बघून खऱ्या वाघाने मान खाली घालावी. 'पाणबुडीतला देवमाणूस', ज्यात अर्धा वेळ अंधार आणि उरलेला अर्धा वेळ घाम. 'जळत्या पुलावरचा पाहुणा', ज्यातला पूल शेवटपर्यंत जळत नाही. आणि 'धुळीतून परतलेला'. ह्या चौथ्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही.

गाढवाला गुळाची चव काय, असं लिहिणार होतो. पण जी बाई वीस वर्षं माझ्या शेजारच्या माईकवर बसली तिला गाढव म्हणायला जीभ रेटत नाही. तरी विचारतो, त्या माणसात आहे काय? हसताना, रडताना, गोळी लागताना त्याचा एकच चेहरा, दाढ दुखत असल्यासारखा. बोलताना ओठ हलत नाहीत, तेवढा एक गुण. त्याच्यावर आवाज बसवायला सोपं जायचं. ह्या गावात लोक ज्या कर्टवर जीव टाकत होते तो पोटातून बोलणारा, दमदार, थोडा दुखावलेला गडी होता. तो मी होतो. पडद्यावर नुसतं थोबाड होतं. पोस्टरं मात्र थोबाडाची लागायची.

एक काम आहे. नवस कशासाठी होता ते कळव. चौकशी करत नाही. तुला रीत ठाऊक आहे: उदबत्त्या लावल्या की आवाज देणाऱ्यानेच माईकवर देवाला सांगायचं, नवस कोणाचा, मागितलं काय. न सांगता सिनेमा लावला तर देव समजतो हा फुकटचा खेळ आहे, आणि नवस तसाच अंगावर राहतो.

बुनलुआ

ता.क. माझा आवाज उत्तम आहे. कोणी विचारलं नाही तरी सांगून ठेवतो.


पाक नाम फो, १४ फेब्रुवारी

उराई,

'काय मागितलं ते पिन आजीला ठाऊक आहे. ती वेळेवर सांगेल.' एवढं लिहायला तुला पाकीट आणि तिकीट लागलं? पोस्टमनला सांगितलं असतंस तरी त्याने लक्षात ठेवलं असतं.

मी काही दुधखुळा नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात पेपरात आलं होतं, कर्ट हॉलिंगरच्या छातीवर शस्त्रक्रिया, प्रकृती गंभीर. मग थंडीत आलं, प्रकृती सुधारली, कुत्र्याबरोबर फिरताना फोटो. तुझा नवस फळलाय तोही त्याच थंडीत. दोन आणि दोन चार मलाही करता येतात. म्हणजे आपल्या गावच्या चाओ फोला तू एका परक्या म्हाताऱ्याच्या काळजासाठी साकडं घातलंस! त्या देवाचा कारभार नदीच्या ह्या काठापासून मासळीबाजारापर्यंत. कॅलिफोर्नियाचा पत्ता त्याला कोणी दिला? आणि आता मी देवापुढे उभं राहून कर्णा लावून सांगायचं, की माझ्या बायकोने ह्या दाढदुख्यासाठी नवस केला होता. माकली भाजणारे ऐकतील, तराफ्यावरचे नावाडी ऐकतील. सांगीन. माझा धंदाच लोकांची वाक्यं बोलायचा आहे.

त्याच पावसाळ्यात माझा आवाज गेला होता. तुला कळलं नसेल, कळायचं कारणही नाही. एका सकाळी उठलो तर घशातून नुसती हवा. चार महिने पाटीवर लिहून मासे विकत घेत होतो. हेंग शेठने बँकॉकहून आवाज भरलेल्या प्रिंटा आणल्या. त्यातला कर्ट बँकेतल्या कारकुनासारखा बोलतो. कोणी भेटायला आलं नाही. तू बहिणीकडे राहतेस त्या लोम साकहून तर चिटोरंसुद्धा नाही. मी काढे प्यालो, गळ्याला शेक दिला आणि स्वतःच्या जिद्दीवर बरा झालो. कुठल्या देवाच्या दारात गेलो नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद असावी म्हणून लिहितो.

बायकांच्या आवाजासाठी शेठने नोपमात नावाची मुलगी ठरवली आहे. ती लग्नांत गाते. तिच्या तोंडी नायिका मरताना सुद्धा वाटतं की आता ही टाळ्या मागणार.

बुनलुआ


पाक नाम फो, २३ फेब्रुवारी

उराई,

तालमी चालू आहेत. पहिले तीन सिनेमे झाले. शेठच्या गोदामात पडद्याऐवजी भिंत, आणि भिंतीवर पाल. कर्टपेक्षा पाल जास्त अभिनय करते.

काल नोपमातने मध्येच संहिता खाली ठेवली. "काका, एक विचारू? हा हीरो दर सिनेमात बायकोला 'जेवलीस का' का विचारतो? खिंडीत गोळीबार चाललाय आणि हा जेवणाची चौकशी करतोय!"

मी म्हटलं, "बाई गं, बँकॉकवाल्यांच्या कागदावर तिथे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं छापलंय. तुझा बाप असं कधी बोलला तुझ्या आईला?"

"बाबा? छे हो! आई दवाखान्यात नेईल त्यांना."

"मग? मी पहिल्यांदा ते छापील वाक्य बोललो तेव्हा थिएटर खदाखदा हसलं होतं. दुसऱ्या खेळाला त्या जागी 'जेवलीस का?' म्हटलं. हळूच, श्वास सोडून. मागच्या बाकड्यांवरच्या बायका बाहीने डोळे पुसत होत्या."

"आणि हे सगळ्याच सिनेमांत?"

"ज्यात बायको असेल त्यात."

एवढं बोललो आणि माझं मलाच काही तरी खटकलं. न्यायाधीशाच्या सिनेमात बायको नाही. डोंगरावरच्या शर्यतीच्या सिनेमातही नाही, तोही तू घेतला नाहीस. तुझ्या तीन सिनेमांत बाकी काही सारखं नाही, ना गोष्ट, ना मिशी. सारखं आहे ते एवढंच, की त्यात मी 'जेवलीस का?' म्हणतो. खिंडीत, पाणबुडीच्या बिनतारी यंत्रावरून, आणि पुलावर. हा योगायोग असेल. तुझी आवड तशीही विचार करून ठरत नाही.

पण मग चौथा का घेतलास? त्यात ते वाक्य नाही. म्हणजे होतं, आणि सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी ते घेतलं नाही. युद्धावरून परतलेला कर्ट दारात उभा आहे, बायको समोर. थिएटर तुडुंब. लोकांनी पैसे मोजले होते, त्यांना हसवणं माझं काम. मी कर्टच्या तोंडून म्हटलं, "घर एवढं गप्प कसं? शेजारणीशी लग्न केलं असतं तर अंगण पोरांनी भरलं असतं." काय हसले लोक! आपलं अंगण रिकामं आहे हे गावाला ठाऊक होतं, म्हणून जास्तच हसले. तू माईक खाली ठेवलास आणि जिना उतरून गेलीस. पडद्यावरची बाई पुढे सिनेमाभर नुसता जबडा हलवत राहिली. लोक त्यालाही हसले.

विनोद होता. मी पानवाल्यावर करतो, पोलिसपाटलावर करतो. एवढ्यासाठी कोणी घर सोडून लोम साकला जातं का? तियांग म्हणते जातं. तियांगचा नवरा तिच्या तोंडाला घाबरून दिवसभर शेतात असतो, तिने मला संसार शिकवू नये.

चौथ्याच्या तालमीला मी आज दांडी मारली. घसा जरा खवखवतोय.

बुनलुआ


पाक नाम फो, ४ मार्च

उराई,

खेळ नऊ आणि दहा मार्चला, रोज दोन सिनेमे. देवासाठी नवी चटई पुढे अंथरायची, तिच्यावर कोणी बसायचं नाही. हे तुला सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. त्यांना देवापेक्षा व्हिडिओ जवळचा.

नोपमात पळाली. तिला एका हॉटेलात गाण्याचं काम मिळालं. शेठ घाबरला. "लुआ, बाईशिवाय कसं करणार? खेळ अर्ध्यावर थांबला तर नवस बुडतो. देव दिलेलं परत घेतो म्हणतात."

मी म्हटलं, "घेऊ दे. माझ्या खिशातून काही जात नाही. फार तर कर्टचं काळीज पुन्हा बंद पडेल."

"देवाची थट्टा करू नकोस रे."

"मी दोन्ही आवाज करतो. बाईचं सोंग घ्यायला मला कोणी शिकवायचं कारण नाही."

तर बायकांचे आवाजही मीच करणार आहे. मी तुला ये म्हणतोय असं समजू नकोस. दुसरा माईक वायर लावून टेबलावर ठेवलेला असतो, तो सवयीने. सहा वर्षं रोज ठेवतो. काढायचा कंटाळा येतो.

लोम साकची बस चार वाजता येते, हेही उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

बुनलुआ


पाक नाम फो, १२ मार्च

उराई,

तू काल पहाटेच्या बसने गेलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता. मी उठून बघतो तर पिन आजी ठाण्यासमोर झाडत होती. म्हणाली, "गेली. तुझ्या नाकावर टिच्चून आली आणि तशीच गेली." म्हणून हे लिहावं लागतंय. तुला शेवट ठाऊक आहे, पण आधीचं ठाऊक नाही, कारण पहिल्या दिवशी तू नव्हतीस.

पहिल्या संध्याकाळी उदबत्त्या लावल्या, डुकराचं मुंडकं आणि केळी मांडली. मी माईक घेतला. कर्टच्या काळजाबद्दल काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं, चांगलं तिखटमीठ लावून. "हे थोरल्या देवा," मी सुरुवात केली, "लोम साकला राहणारी उराई हिने तुझ्यापाशी नवस केला होता, की..." आणि पिन आजीकडे कान केला.

आजी म्हणाली, "की बुनलुआचा आवाज परत येऊ दे."

मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. मी माईकवर हात ठेवला. "आजी, नीट आठव. कर्ट. अमेरिकेतला."

"कोण कर्ट? तुझी बायको गेल्या पावसाळ्यात चिखल तुडवत आली होती. इथे ह्या पायरीवर डोकं टेकून बसली होती. तुझ्या घरी जा म्हटलं, तर म्हणाली, 'त्यांना सांगू नको, ते विनोद करतील.' बोल आता. देव खोळंबलाय."

मग मी बोललो. "की बुनलुआचा आवाज परत येऊ दे." कर्णे चारही दिशांना बांधलेले. नदीपलीकडून माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. माकली भाजणाऱ्याने पंखा थांबवला. इतकी वर्षं मी ह्या गावाला हसवतो, पण त्या वेळी कोणी हसलं नाही.

पहिले दोन सिनेमे कसे झाले, मला सांगता येणार नाही. तोंड चालत होतं एवढं खरं. दुसऱ्या संध्याकाळी पुलाचा सिनेमा पार पडला आणि 'धुळीतून परतलेला' लागला. तू कधी येऊन ट्रकच्या मागे बसलीस, मला कळलं नाही. कर्ट दारात आला. बायको समोर. मी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा. अगदी गेल्या पावसाळ्यासारखी. पडदा कोणासाठी थांबत नाही. कर्टचे ओठ हलले, कर्ण्यांतून खरखर, चटई रिकामी. खेळ इथे थांबला तर नवस बुडणार, आणि देव जे परत घेणार ते कर्टचं काळीज नव्हे. ते माझ्या गळ्यातलं. माझी मस्करी माझ्याच घशाशी आली होती. खोटं कशाला बोलू, मी फार घाबरलो.

आणि दुसऱ्या माईकवरून कर्ट बोलला. बाईच्या आवाजात.

"जेवलीस का?"

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उरलासुरला दमही गेला असता. समोर पडद्यावर ती बाई तोंड उघडून उत्तर द्यायला उभी, आणि तिला आवाज द्यायला माझ्याशिवाय कोणी नाही. कागदावर लिहिलं होतं, 'किती उशीर केलास.' माझ्या तोंडून निघालं, बायकी, चिरकं, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं:

"नाही. तुझ्यासाठी थांबले होते."

शेंगावाली फिदीफिदी हसली. हसू दे. पुढे सिनेमा संपेपर्यंत तू कर्ट आणि मी त्याची बायको. देव शेवटपर्यंत बसून होता असं पिन आजी म्हणते. बसणारच, असला तमाशा त्याने कधी पाहिला नसेल.

आता कामाचं. तू कर्ट वाईट केलास. घाई करतेस. पोटातून बोलायचं असतं, तू नाकातून बोलतेस. घोड्यावरच्या प्रसंगात दोनदा त्याच्या ओठांच्या पुढे गेलीस. आणि 'जेवलीस का' नंतर श्वास सोडायचा असतो, तू घेतलास. वीस वर्षं शेजारी बसून एवढंही उचललं नसशील तर मी शिकवलं काय? हे पत्रात समजावता येण्यासारखं नाही.

ते वाक्य त्या दिवशी मी खाल्लं आणि त्याच्या जागी जे बोललो, ते कर्ट बोलला नव्हता. बँकॉकचा कागदही बोलला नव्हता. तू नसलीस की मला घरात करमत नाही. झालं, लिहिलं. तियांगला हे वाचून दाखवू नकोस, ती गावभर करेल.

तू माझा आवाज मागितलास, तो मिळाला, फेड झाली. देवाचं आणि तुझं मिटलं. पण आज सकाळी मी ठाण्यावर गेलो. मी त्यातलं काही मानत नाही हे तुला ठाऊक आहे. उदबत्ती पिन आजीने लावायला लावली म्हणून लावली, आणि नवस बोललो. काय मागितलं ते विचारू नकोस, आजीला ठाऊक आहे. फेडायलाही सिनेमा कबूल केलाय, कर्ट हॉलिंगरचाच, दाढदुख्या का असेना. कोणता, ते तू ठरव. फक्त त्यात बायको असली पाहिजे आणि तिला आवाज द्यायला बाई. माझ्या चिरक्या आवाजाने तो देव पुन्हा फसायचा नाही.

लोम साकची बस चारला येते. मी मासा तळून ठेवतो, मिरचीची चटणी कुटून ठेवतो. तियांग डबा बांधून देईल, वाटेत खा म्हणेल. तिचं ऐकू नकोस. जेवून येऊ नकोस.

बुनलुआ